इन्व्हर्टर घेताना चार्जिंगचीही चौकशी करावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात इन्व्हर्टरच्या निवडीविषयी नुकताच आलेला मार्गदर्शनपर लेख वाचला. किती दिवे, किती पंखे, त्यांसाठी किती व्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा) इन्व्हर्टर, साइन वेव्ह घ्यावा की स्क्वेअर वेव्ह, हे सगळे त्यात नीट मांडले होते. चार्जिंगचा विषय मात्र ‘वीज आल्यावर बॅटरी आपोआप चार्ज होते’ एवढ्या एका वाक्यात आटोपला होता, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे करत आहे. इन्व्हर्टर लोड उचलत नाही अशी तक्रार तुलनेने कमी येते. बॅटरी लवकर बसली, बॅकअप निम्म्यावर आला, बॅटरीत सारखे पाणी घालावे लागते, अशाच तक्रारी जास्त असतात आणि त्यांचे मूळ बहुतेक वेळा चार्जिंगच्या बाजूला सापडते. दिवसातून एक तास वीज जात असेल, तर उरलेले तेवीस तास हे यंत्र चार्जर म्हणूनच बसलेले असते. म्हणून ते किती वॅट देते याच्याइतकेच ते मेन्सची (बाहेरच्या लाइनवरून येणारी) वीज कशी स्वीकारते आणि बॅटरीत कशी भरते, हेही खरेदीच्या वेळी विचारले जावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

आजच्या बहुतेक ट्रान्सफॉर्मर असलेल्या इन्व्हर्टरमध्ये चार्जर म्हणून वेगळे यंत्र नसते. ज्या मॉस्फेटच्या (इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) जोड्या बॅटरीचा डीसी प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून ट्रान्सफॉर्मरला देतात, त्याच जोड्या वीज आल्यावर रेक्टिफायरचे, म्हणजे एसीचा डीसी करण्याचे, काम करतात. ट्रान्सफॉर्मर तोच, फक्त ऊर्जेची दिशा उलटी. यात एक अडचण असते, जिच्याविषयी क्वचितच बोलले जाते. बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत उतरली तरी बाहेर २३० व्होल्ट मिळत राहावेत, या हिशेबाने ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचे गुणोत्तर ठरवलेले असते. साहजिकच मेन्सचे २३० व्होल्ट उलट दिशेने आले की बॅटरीकडच्या वाइंडिंगवर लहरीच्या शिखरालाही साडेदहा व्होल्टच्या आसपासच मिळतात, आणि बॅटरी भरायला तर चौदाच्या वर लागतात. यावर उपाय असा, की मॉस्फेट ते वाइंडिंग अगदी क्षणभर शॉर्ट करतात, त्या क्षणात त्याच्या इंडक्टन्समध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात, ऊर्जा साठते, आणि शॉर्ट सोडताच ती वाढीव व्होल्टेजने बॅटरीत ढकलली जाते. हे शॉर्ट करणे किती वेळ चालावे हे मायक्रोकंट्रोलर ठरवतो, म्हणून मेन्स १६० व्होल्टवर घसरली तरी चांगला इन्व्हर्टर पूर्ण करंटने चार्ज करू शकतो. जुन्या पद्धतीत चार्जिंगसाठी ट्रान्सफॉर्मरवर वेगळा टॅप (वाइंडिंगमधून काढलेले जादा टोक) आणि एससीआर (एक प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच) असे. तिथे मेन्सचे व्होल्टेज उतरले की चार्जिंगचा करंट झपाट्याने उतरतो आणि मग जवळजवळ बंदच पडतो. दोन इन्व्हर्टर ‘७०० व्हीए’ म्हणून शेजारी ठेवले, तर बाहेरून हा फरक ओळखू येत नाही.

मॉस्फेटचा एकच संच दोन्ही दिशांनी वापरला जात असल्यामुळे असा इन्व्हर्टर एका वेळी एकच काम करतो. मेन्सची वीज आधी बॅटरीत जाते आणि तिथून दिव्या-पंख्यांना मिळते, असा अनेकांचा समज असतो. तो ऑनलाइन यूपीएसच्या (लोड सतत बॅटरीच्या बाजूनेच चालवणाऱ्या यंत्राच्या) बाबतीत बऱ्याच अंशी खरा आहे, पण घरगुती इन्व्हर्टरच्या बाबतीत नाही. इथे वीज असताना रिलेमार्फत (विजेने पलटणाऱ्या स्विचमार्फत) मेन्स थेट लोडला जोडलेली असते आणि चार्जर बाजूने आपला वाटा उचलत असतो. मेन्समधले चढउतार उपकरणांपर्यंत जसेच्या तसे पोहोचतात, हा त्याचाच दुसरा अर्थ.

आता स्वीकाराचा भाग. वीज गेल्यावर इन्व्हर्टर लगेच चालू होतो, मग वीज परत आल्यावर तो थांबून का राहतो, असे मला वारंवार विचारले जाते. शेजारी दिवे लागलेले असतात आणि आपला इन्व्हर्टर अजून बॅटरीवर गुणगुणत असतो. पाच-दहा सेकंद जातात, काही यंत्रांत अर्ध्या मिनिटापर्यंत, मग आतून रिलेचा ‘टक्’ असा आवाज येतो. या वेळात तो हातावर हात ठेवून बसलेला नसतो. आलेल्या विजेचे व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेत आहे का, फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या जवळ आहे का आणि या दोन्ही गोष्टी काही काळ सलग टिकतात का, हे तो मोजत असतो. पुरवठा सुरू होण्याचा पहिला क्षण सर्वांत बेभरवशाचा असतो, कारण त्या फीडरवरचे (परिसराला वीज देणाऱ्या लाइनवरचे) सगळे पंप, फ्रिज आणि इतर मोटारी एकदमच चालू होऊ पाहतात. व्होल्टेज दचके खाते, कधी वीज येऊन लगेच पुन्हा जाते. त्या गोंधळात लोड मेन्सवर टाकण्यापेक्षा थोडे थांबणे शहाणपणाचे असते.

त्याच अवधीत आणखी एक काम होते. चांगले साइन वेव्ह यंत्र स्वतःची लहर हळूहळू सरकवत मेन्सच्या लहरीशी जुळवून घेते आणि दोन्हींची शिखरे एकाच वेळी येऊ लागली की मगच रिले पलटवते. २३० व्होल्टच्या लहरीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते. इन्व्हर्टरची लहर वरच्या शिखरावर आणि मेन्सची खालच्या शिखरावर असताना रिले पलटला, तर चालू मोटारीला आणि ट्रान्सफॉर्मर असलेल्या उपकरणांना मोठा झटका बसतो. वीज जाताना मात्र थांबायला सवडच नसते. ५० हर्ट्झचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. संगणक बंद न पडता चालू राहायचा, तर साधारण तेवढ्या वेळातच बॅटरीवर बदल झाला पाहिजे. म्हणजे जाताना घाई आणि येताना सबुरी, दोन्ही मुद्दाम ठेवलेल्या.

व्होल्टेजची जी मर्यादा म्हटली, ती निवडण्यासाठी अनेक इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला एक छोटा स्विच असतो आणि तो बसवल्या दिवसापासून कोणी हलवलेला नसतो. ‘यूपीएस’कडे ठेवला, तर मर्यादा अरुंद होते, साधारण १८० ते २६० व्होल्ट, ‘नॉर्मल’ किंवा ‘वाइड’कडे ठेवला, तर ती १०० ते २९० व्होल्टच्या आसपास जाते. कंपनीगणिक आकडे बदलतात, पण तत्त्व तेच. अरुंद मर्यादेत संगणकासारखी नाजूक उपकरणे सुरक्षित राहतात, पण संध्याकाळी मेन्स १७० व्होल्टवर येत असेल, तर इन्व्हर्टर ती वीज नाकारतो, लोड बॅटरीवर घेतो, आणि लाइनमध्ये वीज असूनही बॅटरी रिकामी होत जाते. त्यानंतर खरेच वीज गेली की दहा मिनिटांत अंधार. अशा वेळी दोष बॅटरीला दिला जातो, नवी बॅटरी आणली जाते आणि तीही काही महिन्यांत त्याच वाटेने जाते. वास्तविक त्या बॅटरीला चार्जिंग मिळतच नव्हते. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी इन्व्हर्टर वीज असतानाही बॅटरीवर जात असेल, तर आधी मल्टिमीटरने मेन्सचे व्होल्टेज मोजावे आणि मग त्या स्विचकडे पाहावे. वाइड मर्यादेतही एक तोटा आहेच: ११० व्होल्टवर फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होऊ शकत नाही आणि तापतो. म्हणून फ्रिज, पंप वगैरे गोष्टी इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊच नयेत, किंवा त्यांना स्वतंत्र स्टॅबिलायझर असावा.

रिले पलटला की लगेच चार्जिंग पूर्ण जोराने सुरू होत नाही. काही सेकंदांनंतर चार्जर करंट हळूहळू चढवत नेतो. हा करंट मेन्सवर किती भार टाकतो याचा हिशेब फारसा कोणी करत नाही. १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक बॅटरी १५ अँपिअरने चार्ज होत असेल, तर बॅटरीत १४ व्होल्ट गुणिले १५, म्हणजे २१० वॅट जातात. चार्जरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर मेन्समधून सुमारे २५० वॅट ओढले जातात, आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या व्हीएमधला प्रत्यक्ष वॅटचा हिस्सा) ०.७ असेल, तर जवळपास ३५० व्हीए, म्हणजे दीड अँपिअर. घरगुती वायरिंगला हे काहीच नाही. मोठ्या यंत्रांची गोष्ट वेगळी. ४८ व्होल्टच्या बॅटरी बँकेवर ६० अँपिअरने चार्ज करणारे यंत्र चार्जिंगच्या पहिल्या, म्हणजे बल्क टप्प्याच्या शेवटी ५६ व्होल्टवर ३,३०० वॅटहून अधिक बॅटरीत घालत असते. नुकसान धरून मेन्सवर ते १६ अँपिअरच्या घरात जाते, आणि त्याच इनपुटमधून जाणारा घरातला लोड अजून मोजायचाच असतो. वीज आल्यावर लगेच काही होत नाही, पाच-दहा मिनिटांनी इनपुटचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पडतो, ही तक्रार नेमकी इथून येते. एमसीबीतली तापणारी पट्टी थोड्या ओव्हरलोडला सावकाशच प्रतिसाद देते, त्यामुळे कारण आणि परिणाम यांत अंतर पडते आणि शोध भलतीकडेच जातो. चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये इनपुट करंटची मर्यादा बसवता येते. लोड वाढला की यंत्र चार्जिंगचा करंट आपणहून कमी करते आणि लोड उतरला की पुन्हा वाढवते. ही सोय असेल, तर ती वापरात आणावी. कारखान्यातून आलेले सेटिंग तुमच्या एमसीबीला ओळखत नसते.

जनरेटरवरून चार्जिंग करणाऱ्यांना ही मर्यादा आणखी महत्त्वाची आहे. लहान जनरेटर रिकामा असताना ५२ हर्ट्झवर फिरतो आणि लोड आला की ५० च्या खाली येऊ लागतो. चार्जर करंट चढवतो, जनरेटर दबतो, फ्रीक्वेन्सी मर्यादेबाहेर जाते, इन्व्हर्टर त्याला नाकारून सोडून देतो, जनरेटर मोकळा होऊन पुन्हा सावरतो, इन्व्हर्टर पुन्हा त्याला स्वीकारतो. असा खो-खो तासभर चालू राहिला, तरी बॅटरीत फारसे काही जात नाही. जनरेटर बिघडलेला नसतो आणि इन्व्हर्टरही. चार्जिंगचा करंट निम्मा करून पाहिला की बहुधा दोघांचे जमते. आणखी एक म्हणजे, साधा रेक्टिफायर लहरीच्या शिखराजवळच करंट ओढतो आणि लहान जनरेटरचे शिखर लोडखाली चपटे होते, त्यामुळे मीटर २३० व्होल्ट दाखवत असूनही चार्जिंग अर्धवट होते. जनरेटर चार्जिंगच्या पहिल्या टप्प्यापुरताच चालवावा, हे माझे मत आहे. शेवटच्या टप्प्यात बॅटरी दोन-चार अँपिअरच घेत असते आणि तेवढ्यासाठी तासन्‌तास इंजिन फिरवणे म्हणजे निव्वळ तेल जाळणे.

हे टप्पे कोणते, ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण बॅटरीचे आयुष्य यांवरच ठरते. अर्धी रिकामी झालेली १२ व्होल्टची ट्यूब्युलर (लेड-अ‍ॅसिड प्रकारची) बॅटरी घेतली आणि बॅटरीच्या केबलवर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावून ठेवला, तर सुरुवातीला करंट १५ अँपिअरवर स्थिर दिसतो आणि टर्मिनलवरचे व्होल्टेज १२.५ पासून सावकाश चढत जाते. हा बल्क टप्पा. यात चार्जर करंट धरून ठेवतो आणि व्होल्टेजला चढू देतो. काही तासांनी व्होल्टेज १४.४ ला टेकते. सेलमागे २.४ व्होल्टचा हा आकडा उगीच आलेला नाही: २५ अंश तापमानाला याच सुमारास बॅटरीतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन जोर धरू लागते. झाकण उघडून पाहिले, तर प्लेटांमधून बारीक बुडबुडे वर येताना दिसतात. इथून पुढे चार्जर व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंटला उतरू देतो. क्लॅम्प मीटरवर १२, मग ९, मग ६, मग ४ असे आकडे दिसू लागतात, आणि प्रत्येक उतरणीला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो. बस भरत आली की शेवटची माणसे आत शिरायला जसा वेळ लागतो, तसेच हे आहे. जोर लावून उपयोग नसतो. जास्त जोर लावला, तर तो प्लेटांवर जमलेले सल्फेट फोडण्याऐवजी पाण्याचे बुडबुडे करण्यात जातो. याला अ‍ॅब्सॉर्प्शन टप्पा म्हणतात. करंट बॅटरीच्या एएचच्या दोन-तीन टक्क्यांपर्यंत, म्हणजे आपल्या उदाहरणात तीन-चार अँपिअरपर्यंत उतरला की बॅटरी भरली असे धरायचे, आणि व्होल्टेज १३.६ च्या आसपास आणून तिथेच ठेवायचे. हा फ्लोट. वापराविना बॅटरीचा चार्ज जो आपोआप उतरतो, तेवढा भरून काढायचा, बाकी तिला स्वस्थ राहू द्यायचे.

आता स्वस्त इन्व्हर्टर नेमके कुठे हात आखडता घेतात ते पाहण्यासारखे आहे. बल्क टप्पा सगळेच नीट करतात. व्होल्टेज १४.४ ला टेकताच काही यंत्रे हिरवा दिवा लावून फ्लोटवर जातात, कारण प्रत्यक्ष करंट मोजून शेवट ठरवण्यासाठी लागणारी व्यवस्था त्यांत नसते. त्या क्षणी बॅटरी साधारण ८० टक्केच भरलेली असते. उरलेला भाग फ्लोटवर अगदी संथ भरतो, आणि रोज वीज जात असेल, तर कधीच भरत नाही. प्लेटांवर राहून गेलेले लेड सल्फेट दिवसेंदिवस कडक स्फटिकांत बदलते आणि मग कोणत्याही चार्जिंगला दाद देत नाही. शिवाय जड अ‍ॅसिड तळाला आणि पातळ वर, असे थर पडतात आणि प्लेटा खालच्या बाजूने झिजतात. काही यंत्रे नेमके उलटे करतात. त्यांना फ्लोट ठाऊकच नसतो; वीज असेपर्यंत ती बॅटरीला १४.४ वर, काही तर त्याहून वर, धरून ठेवतात. अशा बॅटरीचा बॅकअप सुरुवातीला छान मिळतो, म्हणून मालक खूश असतो, पण तिला सतत डिस्टिल्ड वॉटर लागते, पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजते आणि एक दिवस ती अचानक जाते. दर महिन्याला पाणी घालावे लागणे हे ‘बॅटरी जोरात काम करते’ याचे लक्षण नाही. फ्लोट व्होल्टेज मोजून पाहायला हवे, याचे ते लक्षण आहे. खोक्यावर पाच टप्प्यांचे किंवा सात टप्प्यांचे चार्जिंग असे ठळक छापलेले असते. टप्पे मोजण्यात अर्थ नाही. अ‍ॅब्सॉर्प्शन कशावरून संपते आणि फ्लोट किती व्होल्टवर ठेवला आहे, हे दोन आकडे सांगणारे खोके मात्र क्वचित दिसते.

हे सगळे आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत. तापमान एक अंशाने वाढले की सेलमागे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. ४ मिलिव्होल्ट धरले, तर सहा सेलच्या बॅटरीला अंशामागे २४ मिलिव्होल्ट. ४० अंशांला १४.४ ऐवजी १४.०४ आणि १० अंशांला १४.७६ व्होल्ट होतात. हा बदल न करणारा चार्जर उन्हाळ्यात तीच बॅटरी उकळवतो आणि थंडीत तिला अर्धपोटी ठेवतो. मुळातच लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे तापमान सतत १० अंशांनी जास्त राहिले, तर आयुष्य निम्म्याच्या आसपास येते, असा या व्यवसायातला ढोबळ नियम आहे. त्यात चुकीच्या व्होल्टेजची भर पडली की विचारायलाच नको. अनेक चांगल्या यंत्रांसोबत तापमान मोजणारा सेन्सर लांब वायरसह येतो आणि तो बॅटरीच्या अंगाला किंवा निगेटिव्ह टर्मिनलला लावायचा असतो. प्रत्यक्षात तो माहितीपुस्तिकेच्या पाकिटातून बाहेरच काढलेला नसतो. इन्व्हर्टरच्या पेटीतले तापमान मोजून चालत नाही, कारण पेटी तापते ती स्वतःच्या मॉस्फेटमुळे, बॅटरीमुळे नव्हे.

केबलबद्दल थोडेच सांगतो. ३० अँपिअरच्या चार्जिंगला केबल, लग आणि टर्मिनल मिळून ०.०१ ओहम अडथळा असेल, तर ०.३ व्होल्ट वाटेतच जातात. चार्जरला १४.४ दिसतात आणि बॅटरीला १४.१ मिळतात. करंट उतरला की हा फरकही उतरतो, त्यामुळे वेळ पुरेसा असेल, तर शेवटी बॅटरी भरते. पण ज्या यंत्रात अ‍ॅब्सॉर्प्शन घड्याळावर संपते, तिथे ती रोज थोडी कमीच राहते. टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी जमलेली दिसली, तर ती नुसती दिसायला वाईट नसते. ती चार्जरला खोटे व्होल्टेज दाखवत असते.

बॅकअप वाढवण्यासाठी त्याच इन्व्हर्टरला समांतर दुसरी बॅटरी जोडण्याची पद्धत सर्रास आहे. इथे एक साधा हिशेब करून पाहावा. १५० एएचच्या दोन बॅटऱ्या, चार्जर १० अँपिअरचा, दिवसाला आठ तास वीज नाही आणि बॅटरीतून सरासरी २० अँपिअर जातात. म्हणजे रोज १६० एएच खर्च. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत जेवढे काढले त्याहून दहा-पंधरा टक्के जास्त भरावे लागते, म्हणजे सुमारे १८५ एएच. उरलेल्या सोळा तासांत हा चार्जर एक मिनिटही न थांबता पूर्ण करंटने चालला, तरी १६० एएचच देऊ शकतो. रोज २५ एएचची तूट. आठवडाभरात बॅकअप कोसळतो, आणि दुकानदाराने जुनी बॅटरी गळ्यात मारली असा संशय घेतला जातो. ट्यूब्युलर बॅटरीला तिच्या एएचच्या साधारण दहा टक्के करंट हवा, हा संकेत इथे उपयोगी पडतो: ३०० एएचला ३० अँपिअर. त्याच्या एक तृतीयांश देणाऱ्या चार्जरकडून अपेक्षा तरी कसली करायची? उलट लहान बॅटरीला मोठ्या चार्जरचा करंट दिला तर ती तापते, म्हणून करंट निवडता येणे महत्त्वाचे.

लिथियम बॅटरीची सध्या मोठी चर्चा आहे. जुना इन्व्हर्टर तसाच ठेवून फक्त बॅटरी लिथियमची बसवणारे बरेच जण भेटतात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलच्या बॅटरीला प्रत्येक सेलमागे जास्तीत जास्त ३.६५, म्हणजे एकूण १४.६ व्होल्ट चालतात, आणि रोजच्या वापरात १४.२ ते १४.४ पुरतात, वरवर पाहता लेड-अ‍ॅसिडच्या सेटिंगशी हे जुळते. अडते ते दुसरीकडे. ट्यूब्युलर बॅटरीसाठी काही इन्व्हर्टर अधूनमधून इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेले चार्जिंग) म्हणून १५.५ व्होल्टच्या आसपास नेतात. लेड-अ‍ॅसिडला थर मोडण्यासाठी ते हितकारक असते, मात्र त्या वेळी हायड्रोजन जास्त निघतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून खोली हवेशीर हवी. लिथियममध्ये तेच व्होल्टेज आले की आतली बीएमएस ही बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बॅटरी तडकाफडकी तोडते आणि चालू चार्जरच्या टोकाची बॅटरी एकाएकी नाहीशी झाल्याने व्होल्टेजची जी उसळी येते, तिच्यात इन्व्हर्टरचे मॉस्फेट जाऊ शकतात. तापमानाप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करणेही लिथियमला नको असते, आणि शून्य अंशाखाली तर तिला चार्ज करूच नये, कारण तेव्हा लिथियम धातू प्लेटवर साचतो आणि तो बदल उलटवता येत नाही. ज्या इन्व्हर्टरमध्ये लिथियमचे स्वतंत्र सेटिंग नाही, त्याला लिथियम बॅटरी जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरक्षिततेची एक बाब वगळता येत नाही. मेन्स गेल्यावर इनपुटचा रिले इन्व्हर्टरला मेन्सपासून पूर्ण तोडतो. तो रिले वितळून चिकटला, किंवा वायरमनने बोर्डात इन्व्हर्टरचे आउटपुट आणि मेन्स चुकून एकत्र केले, तर बॅटरीची वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. तसेच इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल घरातल्या दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळला, की आरसीसीबी (वीजगळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) कारण नसताना पडत राहतो, आणि मग कोणीतरी तो आरसीसीबीच काढून टाकतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

उत्पादकांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. प्रत्येक यंत्राच्या खोक्यावर, वॅट आणि व्हीएच्या जोडीला, ‘यूपीएस’ व ‘वाइड’ या दोन्ही सेटिंगमधली इनपुट व्होल्टेज व फ्रीक्वेन्सीची मर्यादा, निवडता येणारा चार्जिंग करंट, प्रत्येक प्रकारच्या बॅटरीसाठीचे अ‍ॅब्सॉर्प्शन व फ्लोट व्होल्टेज, अ‍ॅब्सॉर्प्शन वेळेवर संपते की करंटवर, आणि तापमानाप्रमाणे बदल होतो की नाही, एवढे छापावे. हे आकडे यंत्र तयार करणाऱ्या इंजिनिअरला ठाऊक असतातच. ते ग्राहकाला सांगायला वेगळा खर्च येत नाही. आणि आपल्या दैनिकाला विनंती, की यापुढे इन्व्हर्टरची तुलना करणारा तक्ता प्रसिद्ध करताना त्यात फ्लोट व्होल्टेज आणि चार्जिंग करंट यांचे दोन रकाने जरूर घालावेत. तोवर ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आधीच आहे, त्यांनी वीज सलग एक दिवस टिकल्यानंतर बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून पाहावा: साध्या ट्यूब्युलर बॅटरीवर आकडा साडेतेरा ते पावणेचौदाच्या दरम्यान असेल, तर फ्लोट ठीक आहे, तो चौदाच्या वर अडकलेला असेल किंवा तेराच्या खाली असेल, तर पुढची बॅटरी विकत घेण्याआधी इन्व्हर्टर तपासून घ्यावा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक व इन्व्हर्टर दुरुस्ती तंत्रज्ञ